पथ्य आणि पाथेय

गेल्या माघांत आम्हांस सहकुटुंब माहूरगडास जाण्याचा योग आला. मंगळवेढ्याहून माहूर म्हणजे सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड असा सुमारें साडेचारशे किलोमीटरांचा पल्ला. भाड्याची एक मोठी मोटार आणि लहानथोर मिळून अकरा माणसें. कुलस्वामिनीच्या दर्शनाचीं वर्णनें आमच्याहून अधिकारी लेखकांनीं पुष्कळ केलीं आहेत, तेव्हां तें काम आम्ही करणार नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें मोटारीच्या मागच्या बाजूस ठेवलेल्या दोन पेट्यांविषयीं, म्हणजे आमच्या शिदोरीविषयीं. विषय क्षुल्लक वाटेल. दोन वर्षांपूर्वीं आम्हांसहि तो तसाच वाटत होता.

शाळेंत संस्कृत शिकवीत असतां एक गंमत आम्ही मुलांना दरवर्षीं सांगत असूं. पाणिनीच्या चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादांत, थोड्याथोड्या अंतरानें, दोन शब्द सिद्ध होतात. एक 'पथ्य' आणि दुसरा 'पाथेय'. दोघांचें मूळ 'पथिन्' म्हणजे वाट हेंच. वाटेपासून जें ढळलेलें नाहीं तें पथ्य. वाटेस जें उपयोगी पडतें तें पाथेय. एक रोग्याच्या उशाशीं बसतें, दुसरें प्रवाशाच्या खांद्यावर, पण दोघीं सख्खीं भावंडें. मुलें हसत आणि आम्ही पुढच्या सूत्राकडे वळत असूं. या दोन भावंडांना एकाच डब्यांत बसविण्याची पाळी आपल्या घरावर येईल, असें तेव्हां स्वप्नांतहि नव्हतें.

आमच्या थोरल्या चिरंजीवांच्या मुलास, वय वर्षें सात, भुईमुगाचें वावडें आहे, आणि धाकट्या सूनबाईंस गव्हाचें. वावडें हा आपला जुना, चांगला शब्द आहे. पण तो आपण इतका सैल वापरला आहे कीं त्याची धार गेली. कारल्याचेंहि वावडें आणि पाहुण्यांचेंहि वावडें! नातवाच्या बाबतींत डॉक्टर 'अ‍ॅलर्जी' म्हणतात. हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्केनें १९०६ सालीं घडविला. शरीर आपल्या रक्षणासाठीं जी फौज बाळगतें, ती एखाद्या निरुपद्रवी अन्नकणासच शत्रू समजून तुटून पडते, आणि त्या लढाईंत रणभूमीचाच, म्हणजे शरीराचाच, नाश होऊं पाहतो. सूनबाईंचा प्रकार निराळा. त्यांस गव्हानें तत्काळ कांहीं होत नाहीं. पण गव्हांतील ग्लूटेन नांवाच्या चिवट द्रव्यानें आंतड्याचें अस्तर झिजत जातें, अन्न अंगीं लागत नाहीं, रक्त कमी होतें. त्यास सिलिअ‍ॅक असें नांव आहे. चार वर्षें त्या फिकट दिसत होत्या, आणि घरांतील वडीलधाऱ्यांचें मत असें होतें कीं त्या जेवत नाहींत.

आतां आमचें गांव. मंगळवेढा हें दामाजीपंतांचें, चोखोबांचें आणि कान्होपात्रेचें गांव म्हणून वाचकांस ठाऊक असेल. कलचुरींच्या बिज्जळाची राजधानी एके काळीं येथें होती, आणि पुढें १९४८ पर्यंत तें सांगली संस्थानांत होतें. परंतु गांवाचा खरा अभिमान विचाराल तर तो ज्वारीचा. गांवाभोवतीं नजर पोंचेल तेथवर काळें, खोल, सपाट रान पसरलें आहे. पाऊस बेताचा, आणि तोहि उशिरां. पण ही माती त्यास पोटांत धरून ठेवते. भाद्रपद-आश्विनांत पेरलेली ज्वारी पुढें जवळजवळ त्या ओलीवरच आणि थंडीच्या दंवावर वाढते व माघ-फाल्गुनांत कापणीस येते. मालदांडी हें तिचें नांव. 'मालदांडी ३५-१' हें निवडक वाण १९३० च्या दशकांत आमच्याच जिल्ह्यांतील मोहोळ येथें निवडलें गेलें, आणि २०१६ सालीं 'मंगळवेढा ज्वारी' या नांवानें येथल्या धान्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. दाणा मोत्यासारखा आणि भाकरी दुसऱ्या दिवशींहि गोड. या ज्वारींत ग्लूटेन मुळींच नाहीं. म्हणजे धाकट्या सूनबाईंस जें औषध म्हणून पुण्यामुंबईस शोधावें लागलें असतें, तें आमच्या दारांत पोत्यांनीं उभें होतें. त्यांच्या माहेरीं मात्र तिन्हीत्रिकाळ पोळी, आणि आमच्या घरींहि सून आली म्हणून आम्हीं कौतुकानें पोळ्याच सुरू केल्या होत्या!

नातवाचें दुर्दैव नेमकें उलट. ज्या सोलापूर जिल्ह्याची ज्वारी, त्याच जिल्ह्याची शेंगाचटणी. लाल, तेलकट, उखळांत कुटलेली ही चटणी आणि भाकरी यांची ताटातूट आमच्याकडे कोणी मनांतहि आणीत नाहीं. कोशिंबिरींत कूट, वांग्याच्या भाजींत कूट, आमटींत कूट, चिवड्यांत दाणे, तिळगुळांत दाणे. आणि उपवास! ब्राह्मणाच्या घरीं एकादशीस शेंगदाणा वगळून काय शिजवावें, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनीं आम्हांस विचारला तेव्हां आमची शास्त्रविद्या थिजली. वास्तविक भुईमूग दक्षिण अमेरिकेंतला. बटाटा, रताळें, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सर्व तिकडचेच पाहुणे. जें धान्य आपल्या पूर्वजांनीं पाहिलेंहि नव्हतें तें उपवासास चालतें, आणि ज्वारी चालत नाहीं. असो, हा वाद येथें नको.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्या वेळींहि आम्ही याच वाटेनें माहूरासच निघालों होतों. नातवाचा डबा त्याच्या आईनें निराळा भरला होता. आमच्या हट्टासाठीं चटणीची एक बरणी मात्र बरोबर होती. 'आमच्या लहानपणीं खिशांत शेंगा घालून आम्ही शाळेंत जात असूं, कोणास कांहीं झालें नाहीं. हीं सगळीं नवीं खुळें,' हें आमचें त्या काळचें मत होतें, आणि तें आम्ही सुनेच्या देखत बोलून दाखवीत असूं. त्या बोलण्यांत थोडें तथ्यहि असावें. लंडनच्या डॉक्टरांनीं ६४० तान्ह्या मुलांवर एक प्रयोग करून २०१५ सालीं असें दाखविलें कीं, ज्यांना अ‍ॅलर्जी होण्याचा संभव अधिक, अशा मुलांनाहि पहिल्या वर्षांतच भुईमूग चाखविला तर पुढें हें वावडें पुष्कळच कमी जडतें. परंतु हें झालें वावडें जडण्यापूर्वींचें. ज्यास तें जडलें आहे, त्याला दाणा खाऊं घालणें म्हणजे पोहतां न येणाऱ्यास विहिरींत ढकलणें होय.

औशाच्या अलीकडे एका चिंचेखालीं आम्ही जेवावयास बसलों. आम्हीं चटणी घेतली, चमचा भाकरीच्या कडेस पुसला, आणि त्याच चमच्यानें दह्याच्या भांड्यांतलें दहीं नातवाच्या भातावर आपल्या हातानें वाढलें. डोळ्यांस दिसेल असें त्या चमच्यावर कांहीं नव्हतें. दहा मिनिटांत मुलाचा ओठ सुजला. मग अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, आणि मग तो बोलेनासा होऊन नुसता आईकडे पाहूं लागला. तें पाहणें आम्हांस अजून दिसतें. लातूरास पोंचेपर्यंतचा वेळ किती गेला तें सांगतां येणार नाहीं. मोटारींत कोणी एक शब्द बोललें नाहीं. तेथें एका डॉक्टरांनीं मांडींत अ‍ॅड्रिनलीन टोंचलें आणि कांहीं मिनिटांत त्याचा श्वास मोकळा झाला. रात्रभर त्यास ठेवून घेतलें, कारण असा झटका ओसरला तरी कांहीं तासांनीं परत उलटूं शकतो. सकाळीं आम्ही माहूरास न जातां घरीं परतलों. सुनेनें आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, आणि त्याचेंच आम्हांस अधिक लागलें.

घरीं आल्यावर चिरंजीवांनीं डॉक्टरांचे छापील कागद सर्वांस वाचून दाखविले. अन्नकण भांड्यांतून भांड्यांत कसा जातो, पुसलें म्हणजे तो कां जात नाहीं, हें त्यांत अर्ध्या पानांत होतें. आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरांत सर्व आक्का म्हणतात, माळ ओढीत ऐकत होत्या. आक्कांचें वय अठ्ठ्याहत्तर. सोवळें आजवर सांभाळलेलें. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे दाणा खरकटा. एवढंच ना?"

एवढेंच होतें. खरकट्या हातानें दुधातुपास शिवूं नये. भाताची पळी लोणच्यास लावूं नये. खरकटें पुसून जात नाहीं, धुवावें लागतें. ज्याच्याशीं शिवलें तेंहि खरकटें. हे नियम आमच्या घरांतील दहा वर्षांच्या मुलीसहि कोणी शिकविलेले नव्हते इतके अंगवळणीं पडलेले होते. आक्कांनीं शेंगदाण्याचें एक खरकटें आणि, धाकट्या सुनेसाठीं, कणकेचें दुसरें खरकटें ठरविलें, आणि त्या दिवसापासून घरांत कोणास समजावून सांगण्याची वेळ आली नाहीं. पुढें तर त्यांनीं दाणा घरांतूनच काढला. 'एकाच्या ताटाला भिंत घालून बाकीच्यांनीं खायचं, हें मुलाच्या जिवाला लागतं,' असें त्या म्हणाल्या. आम्हीं चटणी सोडली. सोपें गेलें नाहीं, हें कबूल करतों.

येथें एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. आमच्याच गांवीं वेशीचें बांधकाम चाललें असतां ती कोसळून १३३८ सालीं चोखोबा गेले. जन्मभर ते विठोबाच्या दाराबाहेर उभे राहिले, आणि त्यांची समाधीहि पंढरपुरांत दाराबाहेरच आहे. त्यांस बाहेर ठेवणारी शिस्त तीच, जी आमच्या आक्कांच्या हाताला आहे. आमच्या लहानपणीं आमच्या ओसरीवर कांहीं माणसांच्या ओंजळींत वरून पाणी ओतलेलें आम्हीं पाहिलें आहे. त्या ओंजळीस कोणतें विष लागलें होतें, हें तेव्हां आम्हीं कोणास विचारलें नाहीं. आक्कांशीं हें बोलल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ते सोवळं माणसाला लावलं, तिथंच चुकलं."

आतां पेट्या. निघण्याच्या आदल्या दिवशीं घरांत दुसरें कांहीं शिजलें नाहीं. पीठ प्रथम. गांवच्या गिरणींत आपल्याआधीं कोणाचा तरी गहू दळलेला असतो, आणि जात्याच्या खाचींत राहिलेली कणीक पहिल्या दोन किलो ज्वारींत उतरते. गिरणीवाल्यांचा यांत दोष नाहीं. धाकट्या सूनबाईंनीं घरघंटी घेतली आहे आणि तिच्यांत ज्वारी, तांदूळ व डाळींखेरीज कांहीं पडत नाहीं. ज्वारीच्या पिठास चिकटपणा नसतो, म्हणून तें कढत पाण्यांत मळून लगेच थापावें लागतें. गव्हाची कणीक ज्या गुणानें ताणली जाते, तोच गुण सुनेचा वैरी. हें समजल्यापासून भाकरी चिरली तर कोणी सुनांस बोल लावीत नाहीं.

पहिल्या दिवसासाठीं दशम्या केल्या. पाण्याऐवजीं दुधांत भिजविलेली ही भाकरी थंडीच्या दिवसांत दोन दिवस मऊ राहते. पुढच्या दिवसांसाठीं कडक भाकरी. ही सोलापूरकडची खास वस्तू, पापडासारखी पातळ, तव्यावर भाजून निखाऱ्यावर वाळविलेली. तिच्यांत पाण्याचा अंश राहत नसल्यानें ती कित्येक आठवडे टिकते, आणि दुधांत, ताकांत वा आमटींत चुरून खातां येते. चटणीचें काय? येथें आक्कांची स्मृति कामास आली. शेंगाचटणीच्या आधीं त्यांच्या सासरीं कारळ्याची आणि जवसाची चटणी होत असे. दोन्हीं धान्यें आमच्याच रानांत होतात, पण आळसानें आम्ही तीं विसरलों होतों. तेल करडईचें. करडई तर ज्वारीच्या शेजारींच पिकते. पण घाण्यावरून सुटें तेल आणण्याचें आम्ही टाळतों, कारण त्याच घाण्यांतून सकाळीं भुईमूग गेलेला असतो, आणि घाण्याच्या तेलांत दाण्याचा अंश उतरतो. बंद डबाच आणतों.

हिंग ही एक फसवी वस्तू निघाली. बाजारांत मिळणारा बांधणीचा हिंग बहुधा कणकेंत किंवा मैद्यांत घोळलेला असतो. चार वर्षें पोळी सोडूनहि सूनबाईंस पूर्ण बरें कां वाटत नव्हतें, त्याचें उत्तर फोडणीच्या डब्यांत होतें. मेतकुटांतहि गहू. म्हणून फोडणी जिऱ्याची, आणि मेतकूट गहू वगळून घरीं केलेलें. तीळ आणि खोबरें नातवास चालतें, हें डॉक्टरांनीं तपासून सांगितलेलें आहे. तपासल्यावांचून मानावयाचें नाहीं, हा नियम.

गोडास ज्वारीच्या लाह्यांच्या पिठाचे गुळांतले लाडू, आणि राजगिऱ्याचे. दहींभात नेतांना भातांत साईसकट दूध घालून त्यास चमचाभर दहीं लावलें, म्हणजे दुपारपर्यंत तें वाटेंतच विरजतें आणि आंबट होत नाहीं. हा जुना प्रवासी उपाय वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेलच. सर्व डबे स्टीलचे, धुवून उन्हांत वाळविलेले. नातवाच्या डब्यांस तांबडा दोरा, धाकट्या सुनेच्या डब्यांस पिवळा. वास्तविक दोन्हीं पेट्यांतील सर्व अन्न दोघांसहि चालणारें होतें; तरी दोरे होते. प्रत्येक डब्यांत त्याचा त्याचा चमचा. विकतच्या बिस्किटांचे पुडे चिरंजीवांनीं वाचून घेतले. २०२० च्या नियमांप्रमाणें भुईमूग, गहू, दूध, सोयाबीन वगैरे वावड्याचे पदार्थ पुड्यावर छापावे लागतात, ही मोठी सोय आहे. मात्र उघड्यावर विकल्या जाणाऱ्या फरसाणाला कसलें लेबल!

तिसरी पिशवी अन्नाची नव्हती. तींत अ‍ॅड्रिनलीनच्या दोन मात्रा, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि सोलापूर, तुळजापूर, लातूर, अहमदपूर, नांदेड येथील रुग्णालयांचे पत्ते होते. ही पिशवी थोरल्या सुनेच्या गळ्यांत; उन्हानें तापणाऱ्या मोटारीच्या खणांत नव्हे. आवाज बदलला, श्वास लागला, कीं पित्ताच्या गोळीवर विसंबून वाट पाहावयाची नाहीं. मांडीच्या बाहेरच्या अंगास टोंचावयाचें आणि १०८ ला फोन करावयाचा. हें घरांतील चार माणसांस शिकविलें आहे. आम्ही त्यांतले एक.

पहांटे साडेचारास निघालों. भीमेचा पूल ओलांडतांना अंधार होता. माचणूरच्या या कांठीं औरंगजेबानें १६९५ पासून चार वर्षें छावणी टाकली होती. तेवढ्या माणसांच्या आणि जनावरांच्या तोंडीं आमच्या रानांतलें किती धान्य गेलें असेल, हा विचार दरवेळीं येतो. चालक आमच्याच गांवचा. झोंप येऊं नये म्हणून त्यानें पुढच्या खणांत भाजक्या शेंगांची पुडी ठेवली होती. आम्हीं कारण सांगतांच त्यानें गाडी थांबविली, पुडी दुसऱ्या एका वाटसरूस देऊन टाकली, आणि न सांगतां नळावर हात धुतले. आम्हीं त्यास फुटाणे दिले.

तुळजापुरास आमची खरी परीक्षा होती. देवळांतून बाहेर येतांना खेड्यांतली एक म्हातारी बाई पदरांतून मुलांना दाणेगूळ वाटीत होती. तिनें नातवाच्या हातावर ठेवण्यास मूठ पुढें केली. थोरल्या सूनबाई दहा पावलें मागें होत्या, आम्ही पुढें सरकलों, पण त्याआधींच पोरानें हात पाठीमागें नेले आणि म्हणाला, "आजी, मला दाण्यानं श्वास बंद होतो. देवीचा राग नाही ना येणार?" म्हातारीनें मूठ परत पदरांत टाकली. तेथल्या नळावर जाऊन तिनें हात कोपरापर्यंत धुतले, आणि पिशवींतलें एक केळें काढून त्याच्या आईच्या हातीं दिलें. "तुम्हीच सोला बाई," एवढें म्हणून ती गर्दींत गेली.

दुपारीं औशाच्या अलीकडे तीच चिंच आली. चालकास कांहीं ठाऊक नव्हतें. सावली बरी म्हणून त्यानें गाडी तेथेंच उभी केली. सूनबाईंनीं आमच्याकडे पाहिलें. पुढें जाऊं म्हणावें, असें आमच्या मनांत आलें. पण नातू खालीं उतरून चिंचा वेंचूं लागला होता, तेव्हां तेथेंच सतरंजी घातली. अकरा ताटांत एकच अन्न: दशमी, कारळ्याची चटणी, दहींभात, लाडू. वाढण्यास आम्हांस कोणी सांगितलें नाहीं आणि आम्हींहि हात पुढें केला नाहीं. मग नातवानेंच तांबड्या दोऱ्याचा डबा आमच्यापुढें सरकविला आणि म्हणाला, "तात्या, तुम्ही वाढा की." आम्हीं हात धुतले, पुन्हां धुतले, आणि वाढलें.

जेवतां जेवतां धाकट्या सूनबाईंनीं एक गोष्ट सांगितली, ती त्यांनीं कोठें वाचली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, हॉलंडांत मोठा दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला. माणसें खंगत असतां, ज्या मुलांस हें आंतड्याचें दुखणें होतें तीं मुलें मात्र सुधारूं लागलीं. आणि पाव परत आला तशीं पुन्हां आजारी पडलीं. विलेम डिके नांवाच्या बालरोगतज्ज्ञाचा गव्हावर आधींपासूनच संशय होता. त्या दुष्काळानें तो पक्का केला. आम्हांस साहजिकच दामाजीपंत आठवले. दुष्काळांत बेदरच्या बादशहाचें सरकारी कोठार फोडून त्यांनीं लोकांस धान्य वांटलें, आणि विठोबानें विठू महाराच्या वेषांत बेदरास जाऊन त्याची भरपाई केली, अशी आमच्याकडे कथा आहे. त्या कोठारांत ज्वारीच असणार, असें आम्हीं म्हटलें. सूनबाई हसून म्हणाल्या, "मग मला चालली असती."

लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करीत रात्रीं नांदेडास मुक्काम केला. थकल्यामुळें कोणी तरी म्हणालें, एक वेळ खानावळींत गरम वरणभात घेऊं. गल्ल्यावरच्या गृहस्थांनीं 'आमच्याकडे दाणा मुळीं नसतो' असें बेधडक सांगितलें. सूनबाईंनीं आचाऱ्यास भेटण्याची परवानगी मागितली. तो भला माणूस हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "तेल शेंगदाण्याचंच आहे, आणि डाव एकच आहे. लेकराला देऊ नका." आम्हीं त्यास नमस्कार केला. खोलीवर गरम दूध मागवून त्यांत कडक भाकरी चुरली. अकरा माणसांनीं एका पातेल्याभोवतीं बसून ती खाल्ली आणि मुलांनीं तर त्यास मेजवानी म्हटलें.

दुसऱ्या दिवशीं दहाच्या सुमारास माहूर. गडाच्या पायऱ्या आक्का चढल्या, आणि आम्हीं दोनदां बसून चढलों. रेणुकेचा प्रसाद म्हणजे विड्याचीं पानें कुटून केलेला तांबूल. तो हातीं येतांच नातवानें आईकडे पाहिलें. त्यांत दाणा असण्याचें कारण नव्हतें. पण ज्या खलांत तो कुटला तो खल आम्हीं पाहिला नव्हता. पोरानें तो कपाळास लावला आणि आमच्या हातावर ठेवला. आम्हीं त्याच्या वांट्याचा खाल्ला.

परतींत नेलेल्यांपैकीं चार कडक भाकऱ्या आणि जवसाची चटणी उरली. आतां चैत्रांत विहीणबाईंनीं सर्वांस रत्नागिरीस बोलाविलें आहे. तेथें दाण्याची भीति कमी; पण काजू! त्यासंबंधीं नातवाची तपासणी फाल्गुनाच्या पहिल्या आठवड्यांत सोलापुरास ठरली आहे. तिचा निकाल येईपर्यंत विहीणबाईंस होकार कळविलेला नाहीं, आणि हें पत्रानें लिहावें कीं फोनवर सांगावें, यावर घरांत अजून एकमत झालेलें नाहीं.